टॉवर बंद पडला तरी बोलणारी गाडी: पिकअपमध्ये हॅम रेडिओ कसा बसवायचा



पावसाळा आला की तळ्यावरचं आणि नदीकाठचं एक जुनं दुखणं दरवर्षी वर येतं. वारा सुटतो, लाइट जाते, थोड्या वेळानं टॉवरची बॅटरीही संपते आणि मोबाईलची रेंज निघून जाते. वरच्या धरणातून पाणी सोडलं का, किती सोडलं, हे ज्या घडीला कळायला पाहिजे, नेमक्या त्याच घडीला फोन मुका. 2020 च्या ऑक्टोबरात भीमेला जो पूर आला तो कुणी विसरलं नसेल. अफझलपूर, जेवर्गी, चित्तापूर भागात नदीकाठची गावं पाण्यात गेली, लष्कर आणि एनडीआरएफच्या पथकांना यावं लागलं. अशा वेळी जाळं काढायला गेलेल्या माणसाला काठावरून हाक मारून भागत नाही.

कोकणातले आपले कोळी बांधव बोटीत व्हीएचएफ सेट ठेवतात, त्यांना समुद्रावर चॅनेल 16 असतो. आपण गोड्या पाण्यातले. आपल्यासाठी तशी सोय नाही. म्हणून पुष्कळ सभासद विचारायलेत, की पोलिसांच्या जीपला असतो तसा वायरलेस आपल्या मासळीच्या गाडीत बसवता येतो का? येतो. त्यातला एक रस्ता हॅम रेडिओचा आहे. तो कसा, त्याला काय लागतं आणि त्याचा उपयोग कशाला करता येत नाही, हे आज सविस्तर लिहीत आहोत.

हॅम रेडिओ म्हणजे काय?

हौसेनं रेडिओ चालवणाऱ्या माणसांना सरकार परीक्षा घेऊन परवाना देतं. अशा माणसाला हॅम म्हणतात. त्याचा सेट दुसऱ्या हॅमच्या सेटशी सरळ बोलतो. मधे टॉवर नाही, सिम नाही, रिचार्ज नाही. बॅटरी आणि अँटेना शाबूत असली की झालं.

आपल्या शेजारचंच उदाहरण घ्या. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. आळंद, बसवकल्याणकडच्या जुन्या माणसांना तो हादरा अजून आठवतो. त्या वेळी हॅम मंडळी भूकंपाच्या भागात रेडिओ लावून निरोप पोचवत होती. दुसरं उदाहरण अंदमानचं. 26 डिसेंबर 2004 ला त्सुनामी आली तेव्हा हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅमॅच्युअर रेडिओतर्फे गेलेल्या भारती प्रसाद आणि त्यांचे साथीदार पोर्ट ब्लेअरलाच होते. गेले होते हौसेच्या रेडिओसाठी, पण फोन बंद पडले आणि त्यांच्याच सेटवरून बेटावरच्या माणसांची खबर मुख्य भूमीवर जाऊ लागली.

आधी परवाना, मग सेट

हे आम्ही मुद्दाम सेटच्या आधी लिहितो. परवाना नसताना असा सेट वापरणं गुन्हा आहे. ऑनलाइन स्वस्तात वॉकी-टॉकी मिळतो म्हणून मागवून गाडीत ठेवू नका. मिळतो म्हणजे चालतो असं नाही.

परवाना दिल्लीच्या दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी ही शाखा देते. अर्ज सरल संचार पोर्टलवर करायचा. वय 12 वर्षं पूर्ण पाहिजे. परीक्षेत दोन भाग असतात: रेडिओचं तांत्रिक ज्ञान आणि नियम. परवान्याचे दोन दर्जे आहेत. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स कोड लागत नाही. जनरल ग्रेडला मिनिटाला 8 शब्दांच्या वेगानं मोर्स यावा लागतो. पास झाल्यावर कॉल साइन मिळतो, रिस्ट्रिक्टेडवाल्याचा व्हीयू3 नं सुरू होतो आणि जनरलवाल्याचा व्हीयू2 नं. गाडीला नंबर असतो तसा हा माणसाचा नंबर. बोलताना तो सांगावाच लागतो आणि बोलल्याची नोंद वहीत ठेवावी लागते. सेट गाडीत लावून चालवायचा आहे, हेही परवाना काढतानाच विचारून घ्या.

म्हणजे परवाना गाडीला मिळत नाही, संस्थेच्या ड्रायव्हरला आपोआप मिळत नाही. ज्यानं परीक्षा दिली त्यालाच मिळतो.

धंद्याचं बोलणं त्यावर नाही

ही दुसरी मोठी अट. कटल्याला आज काय भाव आहे, बर्फाची गाडी कुठं पोचली, व्यापारी किती पेट्या मागायलाय, हे हॅम रेडिओवर बोलता येत नाही. पैशाचा, व्यवसायाचा निरोप नियमात बसत नाही. एरवी दुसऱ्याचे निरोपही पोचवायचे नसतात. मात्र आपत्तीच्या वेळी जिल्हाधिकाऱ्यांसारख्या अधिकाऱ्यांनी सांगितलं तर तसे निरोप देता येतात, आणि आपल्याला त्याच्याशीच मतलब आहे.

मग रोजच्या कामाला काय? त्यासाठी 446 मेगाहर्ट्झवरचे छोटे हातातले सेट आहेत. अर्ध्या वॅटचे असतात आणि ठरलेल्या मर्यादेत असतील तर परवाना लागत नाही. घेताना खोक्यावर फ्रिक्वेन्सी आणि सरकारी मान्यता तपासून घ्या. मधे झाडी-टेकडी नसली तर काठावरून पाण्यातल्या होडीशी बोलायला ते पुरतात. रोजचं काम त्यावर करा. हॅमचा सेट फोन मेल्यानंतरच्या वेळेसाठी.

गाडीत बसवताना

1) वीज. सेट 12 व्होल्टवर चालतो. इंजिन चालू असताना गाडीत 13.8 व्होल्टच्या आसपास मिळतात, ते त्याला मानवतात. मोठ्या ट्रकला 24 व्होल्ट असतात, तिथं सरळ जोडला तर सेट जळेल; मधे कन्व्हर्टर पाहिजे.

मोबाईल चार्ज करायच्या सॉकेटमधून वीज घेऊ नका. त्याची वायर बारीक असते. 50 वॅटचा सेट बोलताना 10 ते 12 अँपिअर ओढतो. बॅटरीपासून सेट 4 मीटरवर असला तर जाऊन-येऊन 8 मीटर तांबं होतं. दीड स्क्वेअर एमएमची वायर टाकली तर साधारण एक व्होल्ट वायरीतच मरतो. 4 स्क्वेअर एमएमची टाकली तर अर्धा व्होल्टही जात नाही. म्हणून वायर जाड घ्या आणि सरळ बॅटरीवरून आणा.

लाल वायरीला फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, वीतभर अंतरात लावायचा. फ्यूज सेटचा जीव वाचवतो तसा गाडीचाही. वायर कुठं घासली आणि बॉडीला टेकली तर फ्यूज उडतो. फ्यूज लांब सेटजवळ असेल तर मधली वायर पेटते. इंजिनकडून केबिनमध्ये वायर आणताना पत्र्याच्या भोकात रबराची रिंग बसवा. नव्या गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर सेन्सर असतो. तो असेल तर काळी वायर त्या टोकाला न लावता बॅटरीची अर्थ जिथं बॉडीला जोडली आहे तिथं लावा.

2) सेटची जागा. मासळीच्या गाडीत बर्फाचं पाणी सगळीकडे फिरतं. सेट खाली ठेवू नका. सीटच्या मागं उंचावर किंवा डॅशबोर्डखाली घट्ट आवळा. बोलताना सेट तापतो, त्याला हवा लागते. एअरबॅग जिथून उघडते त्याच्या समोर काहीच लावू नका.

3) अँटेना. खरं काम हिचं. 144 ते 146 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात साधी पाव-लहरीची अँटेना अर्ध्या मीटरची होते. केबिनच्या छताच्या मधोमध लावली तर खालचा लोखंडी पत्रा तिला आधार देतो आणि आवाज चारी बाजूंना सारखा जातो. बंपरवर लावली तर एका बाजूला गाडीच आडवी येते. चुंबकाच्या बुडाची अँटेना चालते, पण बाभळीची फांदी लागून पडणार नाही हे बघा. फायबरच्या छतावर चुंबक धरत नाही आणि आधाराचा पत्राही मिळत नाही. केबलच्या जोडावर पाणी बंद करणारी टेप गुंडाळा. एकदा पाणी आत शिरलं की केबल गेली.

4) तपासणी. अँटेना न जोडता बोलायचं बटण दाबू नका, सेट खराब होतो. अँटेना जोडली की एसडब्ल्यूआर मीटर लावून बघा. आकडा दीडच्या आत असेल तर उत्तम, दोनपर्यंत चालेल, तीन आला तर थांबा आणि जोड, केबल, लांबी तपासा. ऐकताना इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी-उतरणारी शिट्टी येत असेल तर ती अल्टरनेटरची. वीज सरळ बॅटरीवरून घेतली आणि अर्थ नीट आवळली की ती बरीच कमी होते.

किती लांब जातं?

सपाट जमिनीवर दोन गाड्या असतील तर 10-12 किलोमीटर धरा. त्यातला एक जण 100 मीटर उंचावर चढला तर तेच 40-45 किलोमीटरवर जातं. म्हणून वॅट वाढवण्यापेक्षा जागा बदला. धरणाच्या भिंतीखाली किंवा ओढ्याच्या खोलात उभं राहून हाक जात नाही. बिदरच्या पठाराच्या कडेवरून मांजरेकडे तोंड केलं तर जाते. कारंजा असो, चुळकी नाला असो, आपापल्या तळ्याजवळची उंच जागा आत्ताच हेरून ठेवा.

हैदराबाद, बंगळूरपर्यंत बोलायचं तर 7 मेगाहर्ट्झचा पट्टा लागतो. ती लहर आकाशाला लागून खाली येते, टेकडी आडवी येत नाही. पण तिथं पाव-लहरीला 10 मीटर लांबी लागते, ती गाडीवर मावत नाही. गाडीवरच्या आखूड अँटेनानं काम होतं, पण ताकद बरीच वाया जाते. गाडी थांबवून दोन झाडांत तार ताणली तर जास्त चांगलं.

आणि चालवता चालवता बोलू नका. गाडी बाजूला घ्या, मग बटण दाबा. इंजिन बंद ठेवून तासन् तास बोललात तर गाडीच स्टार्ट होणार नाही, याचंही भान ठेवा.

आपण काय करायचं?

सेट बसवायला चांगल्या मेकॅनिकला एक दुपार पुरते. त्यावर बोलायचा हक्क असलेला माणूस तयार व्हायला महिने लागतात: अभ्यास, परीक्षा, परवाना. पूर आल्यावर यातलं काहीच होत नाही. सेट आधी घेऊन ठेवला आणि परवानाधारक कुणी नसला तर तो डबाच.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच, की सुरुवात गाडीपासून नको, घरापासून करू. ज्यांच्या घरात दहावी-बारावीची, आयटीआयची पोरं-पोरी आहेत त्यांनी त्यांना या परीक्षेला बसवावं. प्रत्येक तळ्यावर निदान एक, जमलं तर दोन परवानाधारक पाहिजेत. एकजण गाडीत असेल तर दुसरा ऐकायला लागतोच. परवाना हातात आल्यावर त्यांनी आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी एकमेकांना हाक मारून बघावी, म्हणजे सेट, बॅटरी आणि माणूस तिन्ही तयार राहतील. आपल्याकडे असे परवानाधारक आहेत, हे तहसील कचेरीत आणि जिल्हाधिकारी कार्यालयात आधीच कळवून ठेवू.

ज्यांची मुलं तयार असतील त्यांनी संस्थेच्या कार्यालयात नावं द्यावीत. फॉर्म भरायला आम्ही मदत करू.

आपला,
सचिव