टाच उचलते म्हणजे नेमकं काय होतं?

चाकांवरचा भाग झाल्यावर आलेल्या निम्म्या निरोपांत एकच तक्रार होती: बूट कितीही आवळला तरी टाच आतल्या आत वर येते. म्हणून आजचा अख्खा भाग टाचेवर. नेहमीप्रमाणे हे बोललेलंच लिहून काढलंय, थोडं सावरून.

मी यातली तज्ज्ञ नाही. फणसवाडीत चाळीत राहणारी एक आई आहे. माझी मुलगी बारा वर्षांची, इनलाइन हॉकी खेळते. नवीन मंडळींसाठी सांगते, रोलर हॉकीत दोन-दोन चाकांच्या जोड्यांचे स्केट्स आणि चेंडू असतो, इनलाइनमध्ये एका रांगेत चाकं आणि चपटी पक. इनलाइनचा बूट जवळपास बर्फावरच्या हॉकीसारखाच असतो, फक्त खाली पात्याऐवजी चाकांची फ्रेम. त्यामुळे लेहला हिवाळ्यात गोठलेल्या बर्फावर खेळणाऱ्या मुलामुलींची आणि गिरगावातल्या सिमेंटवर खेळणाऱ्या माझ्या मुलीची टाचेची तक्रार सारखीच.

आमचं चुकलं ते खरेदीतच. वापरलेले पण चांगले स्केट्स मिळत होते. विकणारा म्हणाला, "ताई, वाढतं वय आहे, एक नंबर मोठा घ्या, दोन वर्षं बघायला नको." आपल्याकडे गणवेशापासून सगळंच असं वाढत्या मापाचं घेतात, मला ते पटलंच. तिसऱ्या आठवड्यात तिच्या टाचेला फोड. सर म्हणायचे, गुडघे वाकव. मीही घरी तेच म्हणायचे. मग दर शनिवारी तिच्या पोटात दुखायला लागलं. एकदा तिचे मोजे धुवायला काढले, तर टाचेशी रक्त वाळलेलं. पोटदुखीचा उलगडा तेव्हा झाला. मी तिच्या खेळण्याला बोल लावत होते आणि दोष बुटाचा होता.

तर टाच कशाने धरली जाते? बुटाच्या वरच्या भोकांतली लेस फक्त पायाची नळी आवळते, टाचेला ती जागेवर ठेवत नाही. टाचेला खाली आणि मागे दाबते ती पाऊल जिथे नळीला मिळतं त्या वाकणातली लेस. तिथून ओढ तिरकी टाचेकडे जाते. शिवाय घोट्याच्या मागे, टाचेवरच्या शिरेच्या दोन्ही बाजूंना जे खळगे असतात, त्यांत बुटाचं अस्तर नीट बसावं लागतं. हे दोन्ही नसेल तर वरून कितीही आवळा, टाच हलणारच. उलट आवळून-आवळून पावलाच्या वरच्या बाजूला लेस रुतते, ते दुखणं वेगळंच.

आता तपासणी. बुटातला इनसोल बाहेर काढा, मुलाला त्यावर उभं करा, टाच मागच्या कडेला टेकवून. पुढे किती जागा उरते ते लगेच दिसतं. मग लेस पूर्ण सैल करून पाय बुटात, बोटं पुढे टेकवायची, आणि टाचेमागे बोट घालून बघायचं. वाढत्या मुलाला एक बोट मावलं तर तो शेवट. आमच्याकडे माझी दोन बोटं सहज गेली!

नंबरांचा घोळही समजून घ्या. आपल्याकडच्या बुटांवर बहुधा ब्रिटिश नंबर असतो, स्केट्सचा हिशेब वेगळा. बाऊर, सीसीएम यांसारख्या कंपन्यांचा हॉकी स्केट अमेरिकन बुटाच्या नंबरापेक्षा साधारण एक ते दीड नंबर कमी घ्यायचा असतो. मुलीचा शाळेचा बूट चार, म्हणजे अमेरिकन पाच, म्हणजे स्केट साडेतीन-चार. आम्ही घेतला पाच. एक पूर्ण नंबर म्हणजे जवळपास साडेआठ मिलिमीटर, म्हणजे टाचेला केवढं मैदान मोकळं मिळालं बघा. नंबरावर जाऊच नका, पाऊल सेंटिमीटरमध्ये मोजा आणि त्या कंपनीच्या तक्त्याशी ताडा.

लांबी बरोबर असेल तर खोली बघा. लेस सैल करून जीभ पुढे ओढायची आणि वरून तिसऱ्या भोकांच्या जोडीवर आडवी पेन्सिल ठेवायची. ती पावलाला टेकून डुगडुगली तर बूट उथळ, टाच मागे नीट बसतच नाही. असा बूट बदलावाच लागतो. पेन्सिल आणि पाऊल यांत भरपूर फट असेल तर बूट त्या पायाला खोल. याला थोडा उपाय आहे.

पण त्याआधी बांधण्याची पद्धत. खुर्चीत बसा, चवडा वर उचला, टाच जमिनीवर दोन-तीनदा मागच्या बाजूने आपटा. मगच लेस. बोटांकडे बेताची, वाकणात घट्ट, वर परत बेताची. वाकणाशी लेसला एकाऐवजी दोन वेढे द्या, म्हणजे वरचं बांधताना खालचं सुटत नाही. मोजा पातळ, एकच. जाड मोजे दोन घातले की बूट घट्ट वाटतो, पण पाय मोज्यात घसरतो.

एवढ्याने आमचं निम्मं काम झालं. उरलेल्यासाठी आमच्या कोपऱ्यावर चपला शिवणारे काका आहेत, त्यांच्याकडे गेले. त्यांनी स्केट पहिल्यांदाच हातात घेतला असावा. बूट उलटासुलटा करून म्हणाले, "ताई, मागून भरायचं नाही, बाजूने भरायचं." अगदी बरोबर! शिरेच्या मागे गादी लावली तर पाय पुढे ढकलला जातो आणि शिरेवर दाब येतो. त्यांनी फेल्टचे दोन तुकडे कापले, साधारण तीन मिलिमीटर जाडीचे. मी ते आधी मोज्यावर टेपने लावून दोन दिवस जागा ठरवली, मगच काकांनी आत चिकटवले. टाचेखाली इनसोलच्या खाली पट्टी घालूनही खोली कमी होते, पण तोल पुढे जातो, मुलगी लगेच म्हणाली, "आई, पडल्यासारखं वाटतंय." काढून टाकली.

बूट गरम करून पायाच्या आकाराचा करणं हाही मार्ग आहे, पण फक्त त्या बुटावर तसं लिहिलेलं असेल तर, आणि जमेल तर दुकानातच. कंपनीने सांगितलेलं तापमान आणि वेळ पाळावी लागते, थंड होईपर्यंत उभं राहायचं नाही. आमच्या शेजारच्या काकूंनी इडलीपात्र सुचवलं होतं! आणि गरम करून मोठा बूट लहान होत नाही, हे लक्षात ठेवा. एक उलटी अडचणही असते: टाचेमागे हाडाचा उंचवटा असेल तर तिथे भरायचं नाही, दुकानात तेवढीच जागा आतून ताणून घ्यायची. फोड वारंवार त्याच जागी येत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

एवढं करून काय झालं? फोड थांबले, टाच थोडी हलायचीच. दोन बोटांची जागा फेल्टने भरत नाही. शेवटी ते स्केट्स विकले, निम्म्या किमतीत, आणि चार नंबरचे घेतले, पुन्हा वापरलेलेच. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "आई, बोटं टेकतायत." मी म्हटलं, गुडघे वाकव. वाकवले की बोटं मागे सरतात, आणि सरली.

दुसऱ्या शनिवारी ती माझ्याआधी तयार होऊन गॅलरीत बसली होती, टाच आपटत. खालच्या मजल्यावरून लगेच तक्रार आली.