उसाचे पाते आणि डोळ्यातले फूल



गळीत हंगाम सुरू झाला की तोडीचा प्रोग्रॅम, गाड्या, वजन, उतारा यांच्याच गोष्टी चालतात. डोळ्याची गोष्ट कोणी काढत नाही. पाते डोळ्याला लागणे ही आपल्या फडात इतकी नेहमीची बाब, की ती इजा आहे असे कुणाला वाटतच नाही. पदराच्या बोळ्याने डोळा शेकायचा आणि पुन्हा कोयता हातात घ्यायचा. पुष्कळदा तेवढ्यावर भागतेही. भागत नाही तेव्हा मात्र त्या डोळ्याची नजर जाऊ शकते.

हे कसे होते ते समजून घेऊ. बुबुळावर घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्याचा वरचा पापुद्रा शाबूत असेल तर जंतूंना सहसा आत शिरता येत नाही. उसाच्या पात्याची कड करवतीसारखी. तिने पापुद्रा खरचटला की दार उघडले. आणि पाल्यावर, पाचटात, मातीत बुरशी तर असतेच. उसाच्या मर रोगामुळे फ्युजॅरियम हे नाव आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. त्याच कुळातल्या बुरशा माणसाच्या डोळ्यातही वाढतात. ॲस्परजिलस ही दुसरी.

बुरशीची खोड अशी की ती सावकाश वाढते. पहिले दोन दिवस खुपणे कमी होते, माणूस म्हणतो बरे वाटतेय. मग काही दिवसांनी, कधी आठवडा उलटल्यावर, डोळा लाल होतो, पाणी गळते, उजेड सोसत नाही आणि बुबुळावर पांढुरका ठिपका दिसू लागतो. ही पडद्यावरची जखम होय. ती भरली तरी मागे पांढरा डाग राहतो. त्यालाच आपण फूल पडले म्हणतो. ते नेमके मधोमध पडले तर त्या डोळ्याने दिसायचे बंद.

उपाय वेळेत झाला तर काय फरक पडतो, हे नेपाळातल्या भक्तपूर भागात पाहिले गेले. तिथला अभ्यास 2001 साली प्रसिद्ध झाला. पडदा खरचटलेल्या 442 लोकांना गावातल्याच आरोग्यसेवकांनी तपासून तीन दिवस साधे जंतुनाशक मलम दिले. इजेनंतर 18 तासांच्या आत आलेल्या 284 जणांपैकी एकाच्याही डोळ्यात जखम चिघळली नाही. 24 ते 48 तासांनी आलेल्या 49 जणांपैकी मात्र 14 जणांची चिघळली. औषध तेच, माणसे तशीच, फरक उशिराचा. म्हणून दुपारी पाते लागले तर संध्याकाळी दवाखाना गाठावा. डॉक्टर डोळ्यात नारिंगी थेंब घालून निळ्या उजेडात बघतात. ओरखडा असला तर तो हिरवा चमकतो.

तोवर स्वच्छ पिण्याच्या पाण्याने डोळा धुवावा, चोळू नये. काही रुतलेले दिसले तर ते उपसायला जाऊ नये. एरंडेल, मध, पाल्याचा रस, अंगावरचे दूध, जिभेने कण काढणे हे सगळे बंद. घट्ट पट्टीही बांधू नये.

आणखी एक गोष्ट जरा जोर देऊन सांगायची आहे. मेडिकलच्या दुकानात ‘लाल डोळ्याचे थेंब द्या’ म्हटले की जी बाटली हातात येते, तिच्यात पुष्कळदा स्टिरॉइड असते. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन अशी नावे लेबलावर असतात. याने लाली उतरते, ठणका थांबतो, रोगी खूष. आत बुरशीला मात्र रान मोकळे मिळते, कारण शरीराचा प्रतिकारच औषधाने दाबलेला असतो. घरात उरलेली जुनी बाटलीही तितकीच वाईट. बुरशीवरचे औषध वेगळे, नाटामायसिन नावाचे. पडद्यावरची जखम किंचित खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी दिसली की ते देतात. सुरुवातीला तासातासाला घालावे लागते आणि उपचार कित्येक आठवडे चालतो. कंटाळून मध्येच सोडला तर केलेले पाण्यात जाते.

तोडणी कामगारांचे बोलायलाच हवे. नवरा-बायकोचा कोयता, एक जण दवाखान्यात गेला की दोघांचा रोज बुडतो, वर उचल फिटायची असते. त्यामुळे ते सांगतच नाहीत. ज्याच्या फडात तोड चालू आहे त्या सभासदानेच मुकादमाला विचारावे आणि डोळ्याला लागलेल्या माणसाला त्याच दिवशी आपल्या मोटारसायकलवरून न्यावे. पाचट काढताना साधा पांढऱ्या काचेचा चष्मा असला तरी बरीच इजा टळते. घामाने काच धुरकटते ही तक्रार खरी आहे, पण पुसत पुसत का होईना, वापरावा.

जाता जाता कॉलेजात जाणाऱ्या पोरापोरींसाठी. आता कॉन्टॅक्ट लेन्स खेड्यातही आल्या आहेत. लेन्स घालून फडात जाऊ नये, झोपू नये आणि विहिरीत पोहायला तर मुळीच उतरू नये. विहिरीच्या काय, नळाच्या पाण्यातही अकँथामिबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो. लेन्सखाली तो अडकला तर महिनोन्महिने छळतो. म्हणून लेन्स किंवा तिची डबी पाण्याने धुवायची नाही, तिच्या द्रावणानेच धुवायची. द्रावण रोज ताजे, कालच्यात भर घालायची नाही. हात साबणाने धुऊन कोरडे करावेत, मगच लेन्सला बोट लावावे. डोळा लाल झाला तर लेन्स लगेच काढावी, आणि फेकून न देता डबीसकट डॉक्टरांकडे न्यावी. जंतू कोणता हे कधी कधी तिच्यावरूनच कळते.