हीटर गार आणि दुखणं इंजिनाचं

गाडीचा हीटर चालत नसल्याची तक्रार आपल्याकडे फारशी कुणी मनावर घेत नाही. निफाडकडे पारा उतरला किंवा महाबळेश्वरची सहल ठरली, की तेवढ्यापुरती आठवण होते आणि थंडी सरली की विषय संपतो. मला हे दुर्लक्ष धोक्याचं वाटतं. पेट्रोल-डिझेलच्या गाडीतला हीटर हे काही वेगळं यंत्र नाही, तो इंजिनाच्या कूलिंगचाच एक फाटा आहे. इंधनातल्या ऊर्जेचा साधारण एक तृतीयांश भाग उष्णता होऊन कूलंटमध्ये जातो. तेच तापलेलं कूलंट डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमधून, म्हणजे हीटर कोअरमधून फिरतं आणि ब्लोअर त्यावरून हवा आत ढकलतो. त्यामुळे हवा गारच येत असेल, तर पहिला संशय कूलंटवर घ्यायला हवा.

हवाच येत नसेल तर गोष्ट निराळी. मग फ्यूज, रेझिस्टर किंवा ब्लोअरची मोटर तपासायची, इंजिनाचा त्यात दोष नाही. हवा येते पण गार, अशा वेळी इंजिन पूर्ण थंड असताना कूलंटची पातळी पाहावी (तापलेल्या रेडिएटरचं झाकण कधीच उघडू नये, वाफेने भाजतं). पातळी ठीक असेल तर गाडी चालवून तापवावी, इंजिन बंद करावं आणि केबिनकडे जाणारे दोन रबरी पाइप फडक्याआडून जपून चाचपावेत. दोन्ही सारखेच गरम असतील, तर उष्णता दारापर्यंत पोचली आहे आणि आतली गरम-गार हवेची झडप अडकली आहे. एक गरम आणि दुसरा गार असेल तर कोअर गाळाने तुंबलंय, किंवा ज्या गाड्यांत हीटरचा व्हॉल्व्ह असतो तिथे तो बंद पडलाय. दोन्ही कोमटच राहिले तर थर्मोस्टॅट उघडा अडकला असण्याची शक्यता मोठी. अनेक गाड्यांत इंजिन थंड असताना निळा दिवा लागतो. तो बराच वेळ विझत नसेल तर हा संशय आणखी बळावतो. ही तपासणी होण्याआधी डॅशबोर्ड खोलायला होकार देऊ नये, कारण त्या कामात मजुरीच भारी पडते.

यावर काही जण म्हणतील, आपल्या हवेत थर्मोस्टॅट हवाच कशाला? गाडी गरम होऊ नये म्हणून तो काढून टाकण्याचा सल्ला काही गॅरेजांत आजही मिळतो. पण बहुतेक इंजिनं 80 ते 100 अंश सेल्सियसच्या आसपास चालावीत अशीच बनवलेली असतात. त्याहून थंड इंजिन जास्त इंधन पितं आणि लवकर झिजतं. कूलंटऐवजी बोअरचं पाणी ओतत राहण्याची सवयही तशीच घातक. त्या पाण्यातले क्षार कोअरच्या बारीक नळ्यांत बसतात आणि गंजही लवकर धरतो.

‘हीटर लागतोच कुठे’ हा आक्षेप तरीही उरतो. पावसाळ्यात आंबोलीच्या घाटात काच आतून धुरकटते तेव्हा एसी हवेतला ओलावा काढतो आणि हीटर काच गरम करतो. दोन्ही मिळून काच झटकन साफ होते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, घाट चढताना अचानक गार पडलेला हीटर कूलंट संपत आल्याची खूण असू शकते. पातळी फार खाली गेली तर सेन्सर कोरडा पडतो आणि तापमानाचा काटाही खोटं सांगू लागतो. अशा वेळी गाडी बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करावं, कारण पुढच्या काही किलोमीटरमध्ये हेड गॅस्केट जाऊ शकतं.