जुन्या लॅपटॉपचा जीर्णोद्धार

पितळेच्या पातेल्याची कल्हई उडाली म्हणून कोणी सुज्ञ गृहिणी तें पातेलें उकिरड्यावर फेकून देत नाहीं. कल्हईवाल्यास बोलावून ती तें पुन्हां स्वयंपाकास योग्य करून घेते. परंतु ज्या घरांत ही काटकसर अद्याप निष्ठेनें पाळली जाते, त्याच घरांत आठ-दहा वर्षांचा लॅपटॉप मात्र निरुपयोगी ठरवून कपाटाच्या माथ्यावर टाकून दिलेला आढळतो. त्याचा पडदा शाबूत असतो, कळफलकाचीं अक्षरेंहि पुसलेलीं नसतात; केवळ आंतील प्रणाली त्यास जड झालेली असते, किंवा तिच्या कर्त्यांनीं तिची देखभाल थांबविलेली असते. अशा यंत्राचा जीर्णोद्धार अल्प श्रमांत व जवळजवळ बिनखर्चांत कसा करतां येतो, आणि तो कोणीं करावा व कोणीं करूं नये, याचा विचार प्रस्तुत लेखांत योजिला आहे.

हा प्रश्न आजच निकडीचा कां झाला तें प्रथम सांगितलें पाहिजे. आपल्याकडील बहुतेक घरगुती लॅपटॉप ज्या ‘विंडोज १०’ प्रणालीवर चालत आले, ती २०१५ च्या जुलै महिन्यांत बाहेर पडली आणि तिची नित्याची देखभाल मायक्रोसॉफ्ट कंपनीनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं बंद केली. ज्यांनीं वेगळी नोंदणी केली अशा घरगुती ग्राहकांना सुरक्षेच्या दुरुस्त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत देण्याचें कंपनीनें ठरविलें. पण ती केवळ मुदतवाढ होय. पुढची ‘विंडोज ११’ ही प्रणाली घ्यावी म्हटलें, तर तिला टीपीएम २.० नांवाची सुरक्षेची चिप लागते, आणि इंटेलच्या यंत्रांत थोडे अपवाद सोडल्यास आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. ती आठवी पिढी २०१७ सालीं आली. अर्थात् त्यापूर्वीं घेतलेलीं बहुतेक यंत्रें दाराबाहेरच राहतात.

देखभाल थांबली म्हणजे यंत्र त्याच दिवशीं बंद पडतें असें नव्हे. तें पूर्ववत् चालतें, आणि धोका आहे तो यांतच. चोर वाड्याची नवी फट शोधून काढतात आणि ती बुजविणारा गवंडी आतां येणार नसतो. ज्या लॅपटॉपवर घरचा कर्ता पुरुष बँकेचे व्यवहार पाहतो, निवृत्तिवेतनाचे कागद ठेवतो, त्याच्या बाबतींत ही उपेक्षा परवडणारी नव्हे. मग मार्ग दोनच उरतात : नवें यंत्र विकत घेणें, किंवा जुन्या यंत्रांत निराळी, देखभाल चालूं असलेली प्रणाली बसविणें. गीतेंत आत्मा जीर्ण शरीर टाकून नवें धारण करतो असें सांगितलें आहे. येथें प्रकार उलटा आहे. देह जुनाच राहतो, चैतन्य तेवढें नवें येतें.

हें नवें चैतन्य म्हणजे लिनक्स. त्याचा इतिहास थोडक्यांत पाहूं. संगणकाची प्रणाली ही कुलूप लावलेली पेटी नसावी, ती कोणालाहि वापरतां, तपासतां, सुधारतां आणि दुसऱ्यास देतां यावी, अशा हेतूनें रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन गृहस्थांनीं १९८३ सालीं ‘ग्नू’ नांवाचा उपक्रम जाहीर केला. पुढें १९९१ सालीं फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठांतील लिनस टॉर्वल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें प्रणालीचा गाभा लिहिला आणि तो जगापुढें ठेवला. या दोहोंच्या संगमांतून जें उभें राहिलें त्यांत देशोदेशींच्या हजारों जाणकारांनीं भर घातली. विद्या दिल्यानें घटत नाहीं, उलट वाढते, हें आपल्या पाठशाळांतील जुनें तत्त्व. तेंच या मंडळींनीं संगणकाच्या क्षेत्रांत आचरून दाखविलें असें म्हणण्यास हरकत नाहीं.

“फुकटची वस्तु ती टिकाऊ कशी असणार?” अशी शंका वडीलधारी माणसें हमखास घेतात, आणि ती अगदींच अवाजवी नाहीं. तिचें उत्तर व्यवहारांतच पाहावें. आपल्या खिशांतील अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्सच आहे. जगांतील सर्वांत शक्तिमान् अशा पांचशें महासंगणकांची जी यादी प्रसिद्ध होते, तींतील झाडून सारे संगणक २०१७ पासून लिनक्सवरच चालत आले आहेत. केरळ राज्यांतील सरकारी शाळांत कित्येक वर्षें मुलांना संगणकाचें शिक्षण अशाच मुक्त प्रणालीवर दिलें जात आहे. तेव्हां ज्या वस्तूवर शास्त्रज्ञ विसंबतात आणि जी शाळेंतील मुलें सहज हाताळतात, ती आपल्या घरीं चालणार नाहीं असें मानण्याचें कारण नाहीं.

लिनक्सच्या शाखा अनेक आहेत. वेदाच्या शाखांप्रमाणें त्यांचेंहि अध्ययन एका जन्मांत पुरें होण्यासारखें नाहीं. नवख्यानें त्या भानगडींत न पडतां ‘लिनक्स मिंट’ ही शाखा घ्यावी असें माझें मत आहे. ती २००६ सालीं सुरू झाली, आणि देणग्या व आश्रयदाते यांच्या बळावर चालते. तिची रचना मुद्दामच विंडोजच्या वळणाची ठेवलेली आहे : खालीं पट्टी, डाव्या कोपऱ्यांत यादीची कळ, उजवीकडे घड्याळ. त्यामुळें हात बावरत नाहीं. तिच्या प्रत्येक आवृत्तीस ‘आ’कारान्त उच्चाराचें एक स्त्रीनाम दिलेलें असतें, जुलै २०२४ मध्यें आलेल्या बाविसाव्या आवृत्तीचें नांव ‘विल्मा’. या मालिकेस एप्रिल २०२९ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळावयाच्या आहेत. मिंटचीं तीन रूपें आहेत : सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई. यंत्र बऱ्यापैकीं सशक्त असेल तर सिनॅमन घ्यावें. फार जुनें व अशक्त असेल तर एक्सएफसीई घ्यावें. निदान २ जीबी रॅम व २० जीबी जागा लागते. ४ जीबी रॅम असल्यास काम सुखाचें होतें. प्रोसेसर मात्र ६४ बिटांचाच पाहिजे.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. पहिला नियम असा कीं, जुनें घर पाडण्यापूर्वीं देव हलवावेत. मुलांचीं छायाचित्रें, दाखले, हिशेब, पत्रें हें सर्व बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावें. एक प्रत पुरेशी मानूं नये, दोन ठेवाव्या, आणि त्या दुसऱ्या यंत्रावर उघडतात कीं नाहीं हें डोळ्यांनीं पाहावें. ब्राउझरमध्यें साठविलेले परवलीचे शब्द वहींत टिपून ती वही कुलपांत ठेवावी. हें झाल्याविना पुढचें पाऊल टाकूं नये.

दुसरें काम पेनड्राइव्ह सिद्ध करण्याचें. मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून सुमारें ३ जीबीची एक फाईल उतरवून घ्यावी लागते. ती फाईल वाटेंत बिघडली नाहीं ना, हें पडताळण्यासाठीं तेथेंच एक लांबलचक अंकाक्षरमाला दिलेली असते. ती जुळवून पाहण्याचा आळस करूं नये. नंतर ‘रूफस’ किंवा ‘एचर’ यांसारख्या विनामूल्य साधनानें ती फाईल ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवावी. नुसती नक्कल करून भागत नाहीं, आणि पेनड्राइव्हवर आधीं जें असेल तें सर्व पुसलें जातें, हें ध्यानांत असावें.

तिसरी पायरी ही साऱ्या प्रकारांतील सर्वांत समाधानाची होय. पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप सुरू करतांना एफ १२, एफ ९, एफ २ किंवा एस्केप यांपैकीं, ज्या कंपनीचें यंत्र असेल तिच्या रीतीप्रमाणें, एक कळ दाबली म्हणजे यंत्र पेनड्राइव्हवरून जागें होतें आणि मिंट पडद्यावर येते. या वेळीं मूळ डिस्कला कसलाहि धक्का लागलेला नसतो. शितावरून भाताची परीक्षा करावी हा जो स्थालीपुलाकन्याय, तो येथें अक्षरशः लागू पडतो. वायफाय लागतो काय, आवाज येतो काय, कॅमेरा दिसतो काय, घरचा प्रिंटर कागद काढतो काय, हें सर्व येथेंच पाहून घ्यावें. पेनड्राइव्हवरून चालतांना गति मंद असते, त्यावरून मत बनवूं नये. कांहीं यंत्रांत वायफाय प्रथम लागत नाहीं. अशा वेळीं फोन तारेनें जोडून त्याचें इंटरनेट घ्यावें आणि ‘ड्रायव्हर मॅनेजर’ या साधनाकडून योग्य तो चालक बसवून घ्यावा. शीत कच्चें निघालें, तर यंत्र बंद करून पेनड्राइव्ह काढून घ्यावा. जुनी प्रणाली जशीच्या तशी असते.

परीक्षा उतरली म्हणजे स्थापना. पडद्यावरील त्या नांवाच्या चित्रावर दोनदां टिचकी मारली कीं भाषा, कळफलक, गांव अशीं प्रश्नोत्तरें होतात. महत्त्वाचा प्रश्न एकच : विंडोजच्या शेजारीं मिंट ठेवावयाची, कीं सर्व पुसून एकटी मिंट ठेवावयाची? मन साशंक असेल त्यानें शेजार पत्करावा. डिस्कवर विंडोजचें ‘बिटलॉकर’ हें कुलूप असल्यास त्याची किल्ली आधीं लिहून ठेवावी. एरव्हीं पहिल्या दिवशींची प्रत हातीं असतांना सर्व पुसणें अधिक सुटसुटीत. अर्ध्या-पाऊण तासांत काम आटोपतें. मग ‘अपडेट मॅनेजर’कडून दुरुस्त्या घ्याव्या, आणि ‘टाइमशिफ्ट’ या साधनानें प्रणालीची एक स्थिति जतन करून ठेवावी, म्हणजे पुढें कांहीं बिघडल्यास त्या स्थितीवर परत येतां येतें.

मराठी घरांना विशेष महत्त्वाची गोष्ट लेखनाची. मिंटमध्यें देवनागरी इन्स्क्रिप्ट कळफलक निवडतां येतो, आणि पत्रव्यवहार, तक्ते वगैरेंसाठीं ‘लिबरऑफिस’ आधींच बसविलेलें असतें. अडचण येते ती जुन्या लिखाणाची. युनिकोड रूढ होण्यापूर्वींच्या फॉण्टमध्यें टंकलेला मजकूर नव्या यंत्रावर उघडला कीं इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. आमच्या थोरल्या बंधूंनीं वीस-बावीस वर्षांपूर्वीं कुलवृत्तांताचें टिपण अशाच फॉण्टमध्यें टंकून ठेविलें होतें. ज्यांना विचारून तें लिहिलें त्यांपैकीं आज कोणी हयात नाहीं, त्यामुळें तें टिपण म्हणजेच आतां घराची स्मृति. त्याची फाईल मिंटवर उघडली तेव्हां वहिनींचा चेहरा उतरला. परंतु जुन्या यंत्रांतील फॉण्टची फाईलहि आम्हीं प्रतींत घेतली होती. ती नव्या प्रणालींत ठेवतांच अक्षरें जागेवर आलीं. पुढें पुतण्यानें रूपांतराच्या साधनानें सर्व मजकूर युनिकोडमध्यें आणला आणि वहिनींनीं रोज दुपारीं चार पानें वाचून जोडाक्षरें दुरुस्त केलीं. ज्यांच्या घरीं असें जुनें लिखाण असेल त्यांनीं फॉण्टची फाईल जतन केल्यावांचून जुनी प्रणाली पुसूं नये, हा माझा आग्रहाचा सल्ला आहे.

एकत्र कुटुंबास या प्रणालींत आणखी एक सोय आहे. एकाच लॅपटॉपवर प्रत्येकासाठीं स्वतंत्र खातें उघडतां येतें. एका वाड्यांत ज्याची त्याची खोली असावी तसें. आजोबांचीं अक्षरें मोठीं, सूनबाईंचा हिशेब वेगळा, मुलांचे खेळ त्यांच्यापाशीं. नवें काहीं बसविण्याचा अधिकार मात्र एकाच जबाबदार व्यक्तीच्या परवलीच्या शब्दावर ठेवावा.

दुसरी बाजू न सांगणें हें अप्रामाणिकपणाचें होईल. ज्यांचें पोट टॅलीसारख्या हिशेबाच्या किंवा श्रीलिपीसारख्या मुद्रणाच्या विंडोजी साधनांवर अवलंबून आहे, त्यांनीं घाईनें बदल करूं नये. अंकीय स्वाक्षरीची किल्ली वापरणाऱ्यांनीं ती लिनक्सवर चालते कीं नाहीं हें आधीं विचारून घ्यावें. वर्डमध्यें केलेली अवघड मांडणी लिबरऑफिसमध्यें कधीं कधीं सरकते. शिवाय प्रणाली हलकी झाली तरी इंटरनेटवरील पानें हलकीं होत नाहींत. २ जीबीच्या यंत्रावर एका वेळीं दहा खिडक्या उघडून गतीची अपेक्षा करणें व्यर्थ होय. थोडा खर्च करण्याची तयारी असेल, तर फिरत्या चकतीची डिस्क काढून तेथें एसएसडी बसवावी. जुन्या यंत्रास तरतरी आणणारा याहून दुसरा स्वस्त उपाय नाहीं.

असो. एखाद्या यंत्राचें आयुष्य कोठें संपावें हें त्याच्या विक्रेत्यानें ठरवावें कीं त्याच्या धन्यानें, असा हा मूळ प्रश्न आहे. फेकलेला लॅपटॉप नाहींसा होत नाहीं. त्यांतील विषारी धातु कोणाच्या तरी वस्तीच्या मातींत जातात. उलट वांचविलेला लॅपटॉप शाळेंतल्या एखाद्या मुलाच्या अभ्यासास येतो, वृद्धांच्या वाचनास येतो, आणि घरच्या तरुणांना यंत्राच्या अंतरंगाचा परिचय करून देतो. तेव्हां येत्या सुटींत वाचकांनीं कपाटाच्या माथ्यावरील तें यंत्र खालीं काढावें, धूळ पुसावी, घरांतील एखाद्या हुशार मुलास किंवा मुलीस सोबतीस घ्यावें, आणि निदान पेनड्राइव्हवरून शीत चाखून पाहावें. एवढ्यानें गमावण्यासारखें कांहींच नाहीं.