रंग पाहावा कसा?

चुन्याची भिंत पांढरी, हे आपल्याला ठाऊक असते; म्हणून ती सावलीत असली तरी चित्रात आपण तिला पांढराच रंग देतो. डोळे करडे पाहतात, मन पांढरे सांगते, आणि हात मनाचे ऐकतो.

शिवाय रंग कधी एकटा दिसत नाही. पॅरिसच्या गोब्लँ विणकामशाळेत काळ्या लोकरीचा रंग फिका पडतो, अशी तक्रार होती. १८२४ मध्ये तेथील रंगखात्याचे प्रमुख झालेले रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी तपास केला, तेव्हा रंग निर्दोष निघाला. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे तो फिका भासत होता. ह्या विषयावर त्यांनी १८३९ मध्ये ग्रंथच प्रसिद्ध केला.

तेव्हा रंगविताना ‘हा शेजारच्यापेक्षा गडद की फिका?’ असे आपण विचारावे. डोळे अर्धवट मिटले की बारकावे विरतात आणि उजेड-अंधाराचे मोठे भाग उरतात. करड्या पुठ्ठ्याला लहानसे भोक पाडून त्यातून पाहिले, तर शेजारचे रंग झाकले जातात. ‘भिंत’ हे नावही गळते आणि रंग तेवढा दिसतो.

सावळाराम हळदणकरांचे, हाताच्या आडोशाने दिवा धरलेल्या स्त्रीचे जलरंगचित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. जलरंगातली ज्योत कागदाच्या पांढऱ्याहून उजळ होऊच शकत नाही. ती तेजस्वी भासते, ती भोवतालच्या अंधाराच्या अचूक मापामुळे. चित्रकला शिकताना आपल्याला कमवायचे आहे ते हेच माप.