घरच्या मशीनवर डबल बेडची गोधडी शिवताय? काठापासून नको, मधून सुरुवात करा

दिवाळी झाली, थंडी पडायला लागली की घरोघरी जुन्या साड्यांची गाठोडी सुटतात. हाताने धावदोरा घालून मोठी गोधडी शिवायची तर बरेच दिवस जातात. ज्या म्हाताऱ्या बायकांना ते काम जमतं, त्यांना आता सुईत दोरा ओवायला दिसत नाही. म्हणून बऱ्याच जणी घरचं शिलाई मशीन काढतात आणि निम्म्यात अडकतात.

आमच्याकडेही तेच झालं. आईच्या दोन नऊवारी साड्या होत्या. मंडळींनी काठापासून शिवायला घेतलं. निम्म्यावर येईस्तोवर वरचा थर चार बोटं सरकला, चुण्या पडल्या, सुई मोडली. सगळं उसवावं लागलं. आई आता नाही, साडी फाटली असती तर परत कुठून आणायची? दुसऱ्या खेपेला जमलं ते असं.

कापड : सुती साड्याच घ्या. टेरिकॉट मिसळलं की एक थर आकसतो, दुसरा नाही. नवं कापड लावणार असाल तर आधी धुऊन घ्या. नऊवारीचे साडेसात फुटांचे तीन तुकडे निघतात. दोन तुकडे शेजारी जोडले की डबल बेडचा एक थर होतो, म्हणजे दोन साड्यांत तीन थर. जोड एकावर एक येऊ देऊ नका. घरच्या मशीनला चार-पाच थर पुष्कळ झाले. त्याहून जाड गोधडी हातानेच शिवावी.

कच्चा टाका : जमिनीवर थर ताणून अंथरा आणि मधून बाहेरच्या बाजूला वीत-वीत अंतरावर कच्चे टाके घाला. इथे घाई केली की पुढे चुण्या ठरलेल्या.

मशीन : १६ किंवा १८ नंबरची नवी सुई लावा. टाका मोठा ठेवा. वरचा दाबाचा स्क्रू थोडा सैल करा. जुन्या कापडाचा भुसा बॉबिनखाली साठतो, तो अधूनमधून ब्रशने काढा.

शिलाई : खरी अडचण जागेची. सुई आणि मशीनचा खांब यांच्यात जेमतेम सहा-सात इंच अंतर असतं. काठापासून सुरुवात केली तर शेवटी अख्खी गोधडी त्यातून न्यावी लागते. मधून केली तर निम्मीच. म्हणून उजवीकडची बाजू वळकटीसारखी घट्ट गुंडाळा, पहिली शिलाई बरोबर मधोमध मारा आणि तिथून एकेक ओळ उजवीकडे सरका. सगळ्या ओळी एकाच दिशेने, वरून खाली. एक वरून, एक खालून केली की कापड तिरकं ओढलं जातं. एक बाजू झाली की गोधडी फिरवा आणि पुन्हा मधूनच दुसरी बाजू धरा.

वजन खाली लोंबकळू देऊ नका. लोंबणारी गोधडी सुईला ओढते आणि सुई मोडते. डावीकडे आणि मागे खाट किंवा टेबल लावा. दुसरं माणूस धरायला असेल तर उत्तम. हाताने ओढू नका, मशीनला आपलं आपण सरकवू द्या.

काठ शेवटी दुमडून शिवा. तोवर थर थोडेफार मागंपुढं झालेले असतात, ते कापून सारखे करता येतात.

एक सांगायचं राहिलं. हाताच्या धावदोऱ्याची गोधडी अंगाला जास्त मऊ लागते, तिला भावही वेगळा. मशीनची गोधडी विकायची असेल तर मशीनची म्हणूनच सांगून विका.