चाळीस हजारांचें गाणें

आमचे थोरले बंधु अण्णा यांस गेल्या चैत्रांत ब्याऐंशीवें वर्ष लागलें. दृष्टिपटलाच्या मध्यभागाची झीज होत गेल्यामुळें दोन वर्षांपासून त्यांचें वाचन अजीबात बंद पडलें आहे. सकाळचें वृत्तपत्र आम्ही वाचून दाखवितों; पण दिवस मोठा असतो, आणि वाचणाऱ्याचा गळाहि साठीपलीकडचा आहे. अण्णांपाशीं तरुणपणापासून पदरमोड करून जमविलेल्या साठ-सत्तर ध्वनिमुद्रिका आहेत. त्या वाजविण्याचें यंत्र अद्याप ठाकठीक होतें. परंतु त्याला जोडलेला जुना स्पीकर असा कांहीं भरभरत असे कीं, तानपुरा कोणता आणि पंख्याची घरघर कोणती हें कळूं नये. "आवाज वाढव रे," असें अण्णा म्हणत, आणि तो वाढविला कीं माजघरांतून वहिनींची हांक येई. अखेर घरांतील चार मिळवत्या माणसांनीं मिळून चाळीस हजार रुपये काढले व खरेदीचें काम, रिकामा माणूस म्हणून, आमच्याकडे सोंपविलें.

आमच्या हातून प्रथम जी चूक झाली ती आधींच सांगून टाकतों. एका दुकानांत सहा पेट्यांचा एक झगमगीत संच होता. त्यावर हजारों वॉटचा आंकडा सोनेरी अक्षरांत छापलेला. आम्हीं त्या आंकड्याला भुललों व संच घरीं आणला. तीन दिवस ऐकल्यावर अण्णा शांतपणें म्हणाले, "ढोल छान वाजतो, गाणारा मात्र शेजारच्या वाड्यांत बसला आहे." दुकानदारानें माल परत घेतला, पण दोन हजार कापून. आमच्या व्याकरणाच्या तासाला कोणा विद्यार्थ्यानें इतक्या बेफिकिरीनें उत्तर दिलें असतें, तर आम्हीं त्यास बाकावर उभें केलें असतें.

पुढचें शिक्षण आम्हांस आमच्याच एका जुन्या विद्यार्थ्यानें दिलें. तो ध्वनियंत्रांच्या दुरुस्तीचा धंदा करतो. त्यानें सांगितलें, "गुरुजी, पेटीवर पी. एम. पी. ओ. असें लिहिलें असेल तर तो आंकडा वाचूंच नका. तो क्षणमात्र टिकणाऱ्या झटक्याचा असतो, आणि त्याच्या मोजणीला कांहीं ठराविक नियम नाहीं." ॲम्प्लिफायर सतत किती वॉट देतो, दोन्ही बाजू एकदम चालत असतां किती देतो, किती ओहमच्या स्पीकरला देतो, आणि त्या वेळीं स्वराची विकृति शेंकडा किती होते, हें सर्व एकत्र लिहिलेलें असेल तरच त्या आंकड्याला अर्थ येतो. दुसरी गोष्ट आम्हांस फारच आश्चर्याची वाटली. वॉट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट होत नाहीं. तो अवघा तीन डेसिबलनें वाढतो, म्हणजे कानाला थोडासा फरक जाणवतो इतकेंच. उलट प्रत्येक स्पीकरची संवेदनक्षमता निराळी असते. एक वॉट दिला असतां एक मीटरवर शहाऐंशी डेसिबल देणाऱ्या स्पीकरला जें काम करावयास पन्नास वॉट लागतात, तें एकोणनव्वद डेसिबलचा स्पीकर पंचवीस वॉटांत करतो. आमच्या बारा फूट लांब व दहा फूट रुंद दिवाणखान्यांत नेहमींच्या ऐकण्याला एक-दोन वॉटहि पुरेसे होतात. बाकीचे तबल्याच्या एखाद्या जोरकस थापेसाठीं राखून ठेवावयाचे. तेव्हां चाळीस-पन्नास खऱ्या वॉटांपलीकडे आमच्यासारख्यांनीं जाण्याचें कारण नाहीं.

मग पैसा कोठें घालावा? आमच्या मतें मोठा वांटा स्पीकरांना द्यावा. आजचा साधारण चांगला ॲम्प्लिफायर स्वरांत जी विकृति करतो ती नगण्य असते, व दोन चांगल्या ॲम्प्लिफायरांतला भेद ओळखतांना जाणत्यांचीहि त्रेधा उडते. स्पीकर मात्र हलणारें यंत्र आहे. लोहचुंबकाच्या फटींत तारेचें वेटोळें, त्याला चिकटविलेला शंकु, आणि त्या शंकूनें ढकललेली हवा, ही रचना अमेरिकेंत राइस व केलॉग यांनीं 1925 सालीं मांडली. अजूनहि बहुतेक स्पीकर त्याच तत्त्वावर चालतात. शंकु, चुंबक, लांकडी पेटी यांतलें एकहि हलकें असलें तर तें लगेच कानाला कळतें.

येथें थोडें विषयांतर करण्याची परवानगी असावी. तेराव्या शतकांत देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला राहून 'संगीतरत्नाकर' लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवानें मंद्र स्वराचें स्थान हृदय, मध्याचें कंठ आणि ताराचें मूर्धा असें सांगितलें आहे. स्पीकराच्या पेटींतहि अशीच वांटणी असते. खालचें काम वूफर नांवाचा मोठा शंकु करतो, वरचें ट्वीटर नांवाचा चिमुकला पडदा. आतां आपल्या गाण्याला किती खोल जावयाचें असतें? पुरुष गवयाची पट्टी काळी एक धरली, तर मध्य षड्ज सुमारें एकशें एकोणचाळीस हर्ट्झचा येतो, आणि तानपुऱ्याचा खर्ज त्याच्या निम्मा, म्हणजे सुमारें सत्तर. पन्नास-साठ हर्ट्झपर्यंत स्वच्छ उतरणारा, पांच-सहा इंची वूफरचा स्पीकर त्याला पुरतो. निराळा सबवूफर नको. तानपुऱ्याची खरी शोभा जी जवारी, ती तर वरच्या उपस्वरांत असते. तेव्हां परीक्षा खर्जाची करावी, त्याहून अधिक जवारीची करावी.

ही परीक्षा करण्यासाठीं आम्ही घरचीच एक ध्वनिमुद्रिका कांखेंत मारून तीन दुकानें हिंडलों. दुकानदार आपल्या पसंतीचें वाजवितात तें कोणत्याहि यंत्रावर गोड लागतें. शिवाय दोन जोड्यांची तुलना करतांना आवाज सारखा करून घ्यावा. किंचित् मोठा वाजणारा स्पीकर नेहमींच सरस भासतो, आणि हें विक्रेत्यांस चांगलें ठाऊक असतें.

धाकट्या सूनबाईनें एक मार्मिक प्रश्न विचारला: "काका, अब्दुल करीमखांसाहेब 1937 सालीं वारले. त्यांचें गाणें एकाच कर्ण्यासाठीं मुद्रित झालेलें. मग स्पीकर दोन कशाला?" प्रश्न रास्त होता. दोन बाजूंनीं निराळा ध्वनि देण्याची कल्पना इंग्लंडांत ॲलन ब्लमलाइन यानें 1931 सालीं मांडली खरी; पण तशा तबकड्या बाजारांत सर्रास येऊं लागल्या त्या 1958 पासून. अण्णांजवळ केवळ जुनेंच गाणें असतें तर एकच उत्तम स्पीकर घेऊन आम्हीं निम्मे पैसे वांचविले असते. परंतु त्यांच्याजवळील अर्ध्याअधिक मुद्रिका नंतरच्या आहेत. तबला एकीकडे, पेटी दुसरीकडे अशा. आणि जुनें गाणें दोहोंतून सारखें सोडलें, तर गवई दोन्ही स्पीकरांच्या बरोबर मध्यें, रित्या भिंतीपाशीं बसल्यासारखा वाटतो. अण्णांना आतां माणसाचा चेहरा दिसत नाहीं. कोण कोठें बसलें आहे हें ते आवाजावरूनच ठरवितात.

ॲम्प्लिफायर निवडतांना फोनोची खांच आहे ना, एवढें आम्हीं कटाक्षानें पाहिलें. तबकडीच्या सुईकडून येणारा विद्युत्प्रवाह अतिशय क्षीण, कांहीं मिलिव्होल्टांचा असतो, आणि मुद्रणाच्या वेळीं मुद्दाम दाबलेले खालचे स्वर पुन्हा उचलावे लागतात. ही सोय नसेल तर वेगळी डबी घेण्याचा खर्च अंगावर पडतो.

हिशेब असा झाला: स्पीकरांची जोडी एकवीस हजार, ॲम्प्लिफायर साडेतेरा हजार, सुताराकडून सव्वादोन फूट उंचीच्या दोन लांकडी घडवंच्या अठराशें, व विजेच्या दुकानांतील दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार चारशें. हजारों रुपयांची खास तार घेण्याचा आग्रह झाला होता. पंधरा फुटांसाठीं तिची गरज नाहीं.

तरीहि पहिल्या आठवड्यांत सर्वांची निराशाच झाली. खर्ज नाहींसा, गवई अधांतरीं! पुतण्या तर यंत्र परत करावयास निघाला होता. विद्यार्थ्यानें येऊन पाहिलें तों एका स्पीकरची तांबडी-काळी तार आम्हींच उलट जोडलेली. त्यामुळें एक शंकु हवा पुढें ढकली त्याच क्षणीं दुसरा मागें ओढी, आणि खालचे स्वर परस्परांस खाऊन टाकीत. तार सुलट केली. मग त्यानें स्पीकर कोपऱ्यांतून ओढून भिंतीपासून दीड फूट पुढें आणले, एकमेकांपासून सहा फुटांवर ठेवले, आणि अण्णांची खुर्ची दोहोंपासून तितक्याच अंतरावर मांडली. ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या रेषेंत आले. वहिनींनीं कुरकुर केली, पण समोरच्या उघड्या फरशीवर जाजम घालूं दिलें. त्यानें घुमारा बराच कमी झाला.

त्या संध्याकाळीं अण्णा बराच वेळ स्तब्ध बसून होते. मग म्हणाले, "जरा लहान कर. तानपुऱ्याची दुसरी तार किंचित् चढली आहे. चाळीस वर्षें हें मला ठाऊक नव्हतें."

तेराशें रुपये शिल्लक आहेत. विद्यार्थ्याचें म्हणणें, हिऱ्याची सुई पांचशें ते हजार तासांनीं बदलावी. आमची कधीं बदलली होती तें कोणासहि आठवत नाहीं. तेराशांत चांगली सुई येत नाहीं, म्हणून पुन्हा वर्गणीची यादी फिरत आहे, आणि या खेपेस पहिलें नांव वहिनींचें आहे.